आमच्या भाऊजींचं निःस्पृह मासिक

औषधाच्या दुकानापासून पुलाच्या तोंडापर्यंत मी भाऊजींना एकसारखी बोलत होते, आणि भाऊजी एकसारखे मान हलवत होते. मला वाटलं, चला, पटतंय. मग मला जोर चढला. ठेवणीतलं एकेक काढून मी म्हटलं, "लग्नाच्या बायकोला तुम्ही सगळ्या जगासमोर कुणीही नाही म्हणालात. कुणीही नाही! रोज तुमचं ताट वाढतं ते कोण मग? भूत?"

भाऊजी प्रसन्न हसले आणि म्हणाले, "हो ना. यंदा ऊन जरा लवकरच सुरू झालं."

मी जागच्या जागी थांबले. इतका निगरगट्टपणा मी आमच्या घराण्यात पाहिला नव्हता, आणि आमचं घराणं त्या बाबतीत काही गरीब नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत तक्रार विभागात होते. मजल्यांच्या मधे अडकलेली माणसं फोन करायची आणि भाऊजी त्यांना धीर द्यायचे. "घाबरू नका, दार उघडायचा प्रयत्न करू नका, माणूस निघालाय." माणूस निघालेला नसायचा, पण भाऊजींचा आवाज असा की अडकलेल्यांना वाटायचं, आपण सुटलोच. या नोकरीबद्दल त्यांना कुणी विचारलं तर ते म्हणत, "पोटासाठी ती. खरा मी संपादक."

संपादक ते कसे झाले, त्याला एक गादी कारणीभूत आहे. पूर्वी ते एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत गाण्याच्या कार्यक्रमांवर फुकट लिहायचे. एकदा त्यांनी एका नामांकित गायकाची पार सालटी काढली. पण रीत अशी की आधी चांगलं म्हणायचं, मग "परंतु" लिहून खाली सगळं विष ओतायचं. छपाईच्या वेळी गादीची मोठी जाहिरात आली आणि लेख "परंतु"च्या वर कापला गेला. दुसऱ्या दिवशी त्या गायकाने फोन करून भरल्या गळ्याने आभार मानले. भाऊजी भरल्या ताटावरून उठले आणि म्हणाले, "आता दुसऱ्याच्या दारात जायचं नाही. स्वतःचं काढायचं."

कागद परवडणार नव्हता, म्हणून इंटरनेटवर काढायचं ठरलं. ऑफिसातल्या कॉम्प्युटर विभागातल्या एका मित्राने ते बांधून दिलं. नावासाठी घरात बैठक झाली. मी "सुरेल" सुचवलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, हे साबणाचं नाव वाटतं." शेवटी त्यांनी स्वतःच ठेवलं, "निःस्पृह सूर". पहिल्या वर्षी वाचक फार आले नाहीत. भाऊजींच्या मते त्याचं कारण लोकांची अभिरुची. माझ्या मते त्याचं कारण असं की ते नाव टाइप करता करता माणसं दमून दुसरीकडे जात होती.

मासिकाची कचेरी म्हणजे बंद करून घेतलेली बाल्कनी. एक टेबल, एक खुर्ची, कपडे वाळत घालायची दांडी (ती काढायला जाऊबाईंनी साफ नकार दिला), आणि भिंतीवर प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेले नियम. जाहिरात घ्यायची नाही. फुकट पास घ्यायचा नाही. लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव घालायचं नाही, कारण मत माणसाचं नसतं, मासिकाचं असतं. एकदा छापलेलं काढायचं नाही आणि बदलायचं नाही. पुढे त्यांनी आणखी एक नियम वाढवला. गाणं ऐकण्याआधी त्याच्याबद्दल काहीही वाचायचं नाही. कोण गायलं, कोणी वाजवलं, काही नाही. मन पाटीसारखं कोरं पाहिजे.

नाव घालायचं नाही म्हणून सगळे लेख "आम्हाला वाटते" असे सुरू व्हायचे. लोकांना वाटायचं, केवढं मोठं मंडळ असेल! ते मंडळ गंजीफ्रॉक घालून दांडीवरच्या ओल्या टॉवेलखाली बसलेलं असायचं.

तसे मधूनमधून आणखी लिहिणारे आले. बँकेतला एक कॅशियर आला, त्याने मैफलीत कुणीतरी पुढे केलेला चहा घेतला म्हणून तो गेला. मग एक निवृत्त मास्तर आले. त्यांच्या लेखात "बासरी"च्या जागी "बादली" छापली गेली. ते काकुळतीला येऊन म्हणाले, एवढा एक शब्द दुरुस्त करा. भाऊजींनी भिंतीकडे बोट दाखवलं. मास्तर गेले, बादली राहिली. "सायंकाळच्या त्या बादलीने श्रोत्यांच्या काळजाचा ठाव घेतला" हे वाक्य तुम्ही आजही जाऊन वाचू शकता.

ऐकण्याची पद्धतही ठरलेली. स्पीकरवर ऐकणं म्हणजे बाजारूपणा, म्हणून कानांवर वाटीएवढाले काळे हेडफोन. खोलीचं दार बंद, डोळे मिटलेले, हात मांडीवर. जाऊबाई दाराच्या काचेतून बघून यायच्या आणि मला म्हणायच्या, "बसलेत समाधीला." मीही रोज सकाळी देवापुढे डोळे मिटून बसते. पण उठताना मी देवाला दहापैकी साडेतीन देत नाही.

साडेतीन हा भाऊजींचा लाडका आकडा. आणि गंमत म्हणजे याच आकड्याने मासिकाचं नाव झालं. काही वर्षांनी त्यांच्या लेखांत एक नवीनच सूर लागायला लागला. आजचं संगीत पोकळ होत चाललं आहे, असं ते लिहू लागले. पूर्वी कसं भरलेलं वाटायचं, आता एक बाजू रिकामी असते. दोन वादकांच्या एका जुगलबंदीवर त्यांनी लिहिलं, "दुसरा वादक उपस्थित होता असे सांगतात. आम्हाला आढळला नाही." लोक लोटपोट हसले. काय बोचरी लेखणी! एका प्राध्यापिकेने त्याला "पोकळीचा सिद्धांत" असं भारदस्त नाव दिलं. कॉलेजांतून भाषणाची बोलावणी यायला लागली. नवे गाणारे तर इतके धसकले, की एका गटाने म्हणे साडेतीनच्या भीतीने आपले दोन वादक आधीच कमी करून टाकले. म्हणजे पोकळी नव्हती तिथेही झाली, आणि सिद्धांत खरा ठरला.

आता घरातलं. जाऊबाई गातात. लग्नाआधीपासून गातात, भांडी घासताना गातात, कपडे दांडीवर घालतानाही गुणगुणतात. शेजारपाजारी, दूधवाला, वरच्या मजल्यावरची आजारी म्हातारी, सगळ्यांना ते ठाऊक. त्या घरात एक गळा आहे याचा पत्ता फक्त संगीताच्या मासिकाच्या संपादकांना नव्हता, कारण ते आत हेडफोन लावून संगीत ऐकत असायचे.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, शाळेत गाणं शिकवते. शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहते. तिने स्वतःचं पहिलं गाणं बांधलं, तेव्हा ती आईला म्हणाली, माझ्याबरोबर तू गायचंस. जाऊबाई लाजून लाल. पण मनातून हरखल्या होत्या, मला कळत होतं. बाबांना आयतं ऐकवून चकित करायचं म्हणून तालीम माझ्या स्वयंपाकघरात. कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे मधे त्या दोघी गायच्या आणि मी पोळ्या करपवायचे.

गाणं साधं होतं. मुलगी एकेक ओळ विचारते आणि आई उत्तर देते. घर सोडून गेलं की काय काय न्यायचं, आणि काय न्यायचं नाही, एवढंच. ध्वनिमुद्रण करताना पुतणीने एक युक्ती केली. आपला आवाज एका कानात ठेवला आणि आईचा दुसऱ्या. मला म्हणाली, "काकू, लहानपणी मी आई-बाबांच्या मधे झोपायचे ना, आणि दोघं माझ्या डोक्यावरून बोलत राहायचे. ऐकणाऱ्याला तसं वाटलं पाहिजे." गाण्याखाली तिने लिहिलं होतं, "सोबत: आई". पण ते वाचायचं नाही असा भाऊजींचा नियम.

मुलीचा आवाज मात्र त्यांनी ओळखला. आणि आपल्या पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून लेखणीला आणखी धार लावली. मासिकात आलं ते असं:

"गायिका एक ओळ म्हणते आणि थांबते. पुन्हा एक ओळ म्हणते, पुन्हा थांबते. या थांबण्यात काहीतरी आहे अशी तिची समजूत दिसते. आम्ही लक्षपूर्वक ऐकले. तिथे कुणीही नाही."

दहापैकी साडेतीन.

मासिकाच्या सगळ्या आयुष्यात एवढं वाचलं गेलेलं दुसरं काही नसेल. "पोटच्या पोरीलाही सोडलं नाही, याला म्हणतात निःस्पृह!" असं लोक लिहीत होते. जाऊबाईंनी ते माझ्याच घरी बसून फोनवर वाचलं. मग ओट्यावरचं फडकं घेऊन फोनची काच पुसली, जणू तिच्यावर काही सांडलं होतं. म्हणाल्या, "बरोबरच आहे. मी कोण लागून गेले." त्या दिवसापासून त्यांच्या घरात भांड्यांचा आवाज तेवढा येतो.

पुतणीचं रक्त तरुण. ती मला फोनवर म्हणाली, "काकू, मला साडेतीन दिले, दीड दिले असते तरी चाललं असतं. पण आईचा आवाज ऐकून तिथे कुणीही नाही म्हणणारा माणूस मला बाप म्हणून नको. मी त्या घरात पाय ठेवणार नाही." दर शनिवारी येणारी पोरगी यायची बंद झाली. दोघींचं पुढचं गाणं अर्धं झालं होतं, ते तसंच पडलं.

जाऊबाई मला म्हणाल्या, "तुम्ही बोलून बघा. मोठ्या आहात, तुमचं ऐकतात ते." डॉक्टरांनी भाऊजींना रोज चालायला सांगितलं आहे. मी म्हटलं, आज मीही येते.

तर ते चालणं. पुलाच्या तोंडाशी मी अशी थांबलेली, आणि भाऊजी उन्हावर भाष्य करून पुढे निघालेले. एका बाजूला पाइपांसाठी चर खणून ठेवला होता, त्यामुळे रस्ता अरुंद. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला. एकदा, दोनदा, मग सलग. माझे कान किटले, भाऊजी हलेनात. शेवटी मी पळत जाऊन त्यांची बाही धरून ओढलं. सायकलवाला जाता जाता ओरडला, "काका, कानात बोळे घातलेत का?"

भाऊजी चपापून इकडेतिकडे बघायला लागले. घंटी कुठून आली हेच त्यांना कळलं नव्हतं. चुकीच्या बाजूला बघत होते.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस कुणालाही नेहमी उजव्या हाताला घेऊन चालतो. जेवायला टेबलाच्या डाव्या टोकालाच बसतो. ऑफिसात फोन कायम उजव्या कानाला. आज उजवीकडे चर होता, म्हणून मी सबंध वाट डावीकडून चालले होते. माझं सगळं ठेवणीतलं बोलणं फुकट गेलं होतं.

पुलाचा कठडा रुंद आहे. त्यांना तिथे बसवलं आणि मी मुद्दाम उजवीकडे बसले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"कान."

"कुठला कान?"

"ज्याच्याशी मी औषधाच्या दुकानापासून बोलतेय, तो."

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "डॉक्टर म्हणाले, नस गेलीय. आताची नाही, बरीच वर्षं झाली असणार. हळूहळू गेली."

"आणि तुम्हाला पत्ता नाही? तुम्ही संगीताचे संपादक!"

"वहिनी, एक कान गेला म्हणून जग काही अर्धं होत नाही. बोलणं कळतं, फोन कळतो. फक्त सगळं जरा…" ते शब्द शोधायला लागले.

"पोकळ लागतं?" मी विचारलं.

भाऊजींनी चष्मा परत काढला. मी मनात देवाचं नाव घेतलं, कारण हसू आवरत नव्हतं. तो सिद्धांत! ती प्राध्यापिका, ती भाषणं, ते काढून टाकलेले दोन बिचारे वादक! हे सगळं आमच्या बहिऱ्या भाऊजींच्या डाव्या कानातून निघालं होतं.

"तुम्हाला कळलं कधी?"

"लेख आल्यावर. एका वाचकाने लिहिलं, दुसऱ्या आवाजाबद्दल एक शब्दही कसा नाही? मी म्हटलं, मूर्ख आहे. त्याला उत्तर द्यायचं म्हणून परत ऐकायला बसलो. रागात हेडफोन उलटे घातले गेले. मग ऐकू आलं. आधी वाटलं, कुठेतरी ऐकलाय हा आवाज. रोजचा आहे. मग कळलं, अरे, ही तर आपली ही."

"कसा वाटला?"

"पण मग पोरगी गेली ना," भाऊजी म्हणाले. "ही यायला लागली तशी ती दिसेना. परत सरळ घातले, तर ती आली आणि ही गेली. किती वेळ तेच करत बसलो होतो. दोघी एकदम काही येईनात."

यावर मात्र मला हसू आलं नाही. खालून पाणी वाहत होतं. त्यांना ते एकाच बाजूने ऐकू येत असणार.

"अहो, मग घरी जा आणि सांगा की हे! जाऊबाई तिकडे मनाला लावून बसल्यात की नवऱ्याने आवाज ओळखून कुणीही नाही म्हटलं. पोरीने घर टाकलं. एक वाक्य बोलायचंय, मला ऐकू आलं नाही."

"आणि मासिक?"

"मासिक काय?"

"इतक्या वर्षांचं लिहिलेलं सगळं… लोक काय म्हणतील? पहिल्यापासून सगळं वाचून काढतील, आणि प्रत्येक पोकळीवर हसतील."

म्हणजे बघा. बायको-पोरीने निर्दय समजलेलं या माणसाला चालत होतं. बाहेरच्यांनी बहिरा समजलेलं चालत नव्हतं. मी म्हटलं, "भाऊजी, लिफ्टमधे अडकलेल्यांना तुम्ही माणूस निघालाय म्हणून सांगायचात. इथे कोण निघालंय?"

ते जरा सरकून बसले, आणि संपादकांचा आवाज लावून म्हणाले, "एक मार्ग आहे. आपण लेखाखाली नाव घालत नाही. तेव्हा तुम्ही हिला आणि तिला असं सांगायचं, की ते परीक्षण एका पाहुण्या समीक्षकाने लिहिलं होतं."

"पाहुणा? तुमच्या घरी पाहुणा आला तर चहा कोण करतं? जाऊबाईंना माहीत नसेल होय, त्या बाल्कनीत कोण बसतं ते?"

"तेही खरं."

"दुरुस्ती छापा."

"छापलेलं बदलायचं…"

"बादलीसारखं राहू द्या म्हणता? राहू द्या. त्याला हात लावू नका. त्याच्याशेजारी नवीन छापा. नवीन छापायला तर तुमच्या भिंतीवर मनाई नाही?"

 भाऊजी खाली बघत म्हणाले, "लिहायला बसलो होतो, वहिनी. चार ओळी लिहिल्या. वाचून पाहिल्या तर त्यात 'एककर्णी श्रवणाचे सौंदर्य' असं काहीतरी झालं होतं. पुसलं. परत लिहिलं. तर त्यात 'आम्ही' आलं. मी लिहिलं की त्याचा सिद्धांत होतो हो. मला साधं लिहिताच येत नाही."

इतक्या वर्षांत भाऊजींनी केलेलं हे पहिलंच परीक्षण, ज्याला मी दहापैकी दहा दिले असते.

आम्ही उठलो. परतताना चर डावीकडे आला आणि मी आपोआप त्यांच्या उजवीकडे.  औषधाचं दुकान दिसायला लागलं तसे ते थबकले.

"पुढच्या महिन्यात मासिकाचा वर्धापन अंक आहे. त्यात मासिकाचा इतिहास घालायचा म्हणत होतो. तो तुम्ही लिहा. गादीपासून सगळं. आणि हेही."

"मी? मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच. माझं ती आता वाचत नाही, तुमचं वाचेल. हिलाही तीच वाचून दाखवेल. तेवढ्यासाठी तरी घरी येईल." मग घाईघाईने म्हणाले, "मी एका अक्षराला हात लावणार नाही. जसं द्याल तसं छापेन. आणि एकदा छापलं की…"

"काढायचं नाही, बदलायचं नाही. माहितीये."

मी बरं म्हटलं. ते चालायला लागले. दुकानाच्या पायरीपर्यंत गेले, आणि तिथून परत माझ्याकडे आले. आवाज खाली आणून, आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाले, "फक्त एक करा, वहिनी. 'बहिरा' असं सरळ लिहू नका हो. 'एका बाजूने जरा कमी', असं काहीतरी लिहा. आपले वाचक फार जुने आहेत."